कॉपर बसबारला टिन प्लेटिंग ५ मायक्रॉनचं की २५ चं?

तुम्ही विचारलंय की १६०० अँपिअरचा एलटी (लो टेन्शन, म्हणजे कमी व्होल्टेजचा) पॅनेल रत्नागिरीच्या फिश प्रोसेसिंग युनिटला जाणार आहे, त्यातल्या बसबारना, म्हणजे करंट नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांना, प्लेटिंगवाला म्हणतो ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) टिन, म्हणजे कथील, बास झालं, कस्टमर म्हणतो २५ करा म्हणजे करंट जास्त जाईल, तर खरं कोणाचं. मी गेली १७ वर्षं पॅनेल लाइनमध्ये आहे आणि माझ्या मते दोघांचंही चुकतंय.

आधी करंटचं डोक्यातून काढून टाका. टिन हा कॉपरच्या मानाने बराच वाईट कंडक्टर आहे, साधारण सहा-सात पट रेझिस्टिव्हिटी (करंटला अडवायचा गुण). पण घाबरायचं कारण नाही, कारण जॉइंटमध्ये करंटला टिनच्या जाडीतून आरपार जायचं असतं आणि ती जाडी नगण्य असते. १०० बाय १०० मिलीमीटरचा ओव्हरलॅप (दोन पट्ट्या एकमेकींवर बसतात तो भाग) धरा, १० मायक्रॉनच्या थराचा रेझिस्टन्स येतो एका मायक्रोओहमचा साधारण दहा हजारावा भाग, आणि आपल्या जॉइंटचं रीडिंगच काही मायक्रोओहममध्ये असतं. म्हणजे ५ केलं काय नि २५ केलं काय, करंटला काही फरक नाही. ५० हर्ट्झला कॉपरमध्ये स्किन डेप्थच (पृष्ठभागापासून करंट मुख्यतः जितक्या खोलीत वाहतो ती) ९ मिलीमीटरच्या आसपास असते, मग वरच्या काही मायक्रॉनचं काय घेऊन बसलात.

मग जाडी कशावरून ठरवायची? जागेची हवा कशी आहे आणि कॉन्टॅक्ट सरकणारा आहे का, या दोन गोष्टींवरून. प्लेटिंग करायचं ते कॉपरवर ऑक्साइड चढू नये म्हणून. थर पातळ असेल तर त्यात बारीक छिद्रं राहतात, शिवाय कॉपर आणि टिन एकमेकांत मुरत जातात आणि कडक इंटरमेटॅलिक (दोन्ही धातूंच्या संयुगाचा) थर तयार होतो, जॉइंट गरम चालला की हे अजून लवकर होतं, आणि दोन-तीन मायक्रॉनचं टिन असेल तर काही वर्षांत वर मऊ टिन उरतच नाही. कोरड्या, एसी असलेल्या पॅनेल रूमला ५ ते ८ मायक्रॉन चालतं. तुमच्याकडे खारी हवा, दमटपणा, आणि फिश प्लांट म्हणजे बहुतेक अमोनियाचं रेफ्रिजरेशन पण असणार, ओला अमोनिया कॉपर आणि पितळेला खातो. तिथे मी १२ मायक्रॉन कमीत कमी घेईन, मॅट (बिनचमकीचं) टिन, ब्राइट (चकचकीत) नको, ब्राइटमध्ये व्हिस्कर (टिनचे केसासारखे बारीक तंतू) वाढायची भीती जास्त. २५ नको, कारण टिन मऊ असतं, बोल्टखाली जाड थर हळूहळू दबतो आणि टॉर्क (बोल्टचा आवळ) उतरतो.

कोणी सिल्व्हर करा म्हणालं तर इथे तरी नाही म्हणा. टिनमध्ये छिद्र पडलं तर आधी टिन झिजतं आणि कॉपर वाचतं, सिल्व्हरमध्ये उलटं होतं, छिद्राखालचं कॉपरच खाल्लं जातं. वर खर्च बघा, १०० बाय १० ची एक मीटर पट्टी पूर्ण ५ मायक्रॉन करायला साडेअकरा ग्रॅम चांदी लागते. सिल्व्हरची खरी जागा ड्रॉआउट (बाहेर ओढून काढता येणाऱ्या) ब्रेकरचे कॉन्टॅक्ट, आयसोलेटर स्विचची पाती, जिथे घासणं आहे, आणि तिथे जाडी झिजेच्या हिशोबाने धरायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात मी स्वतः फसलोय. एका जॉबला रिपोर्टवर १० मायक्रॉन होतं, माल आला, दिसायला छान एकसारखा पांढरट राखाडी, पण एका भोकाच्या आत टॉर्च मारली तर तांबूस दिसायला लागलं. एक्सआरएफवर (एक्स-रेने थराची जाडी मोजायचं मशीन) चेक करून घेतलं तर कडेला ११ आणि पट्टीच्या मध्ये जेमतेम ४. बाथमध्ये (प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीत) करंट कडांवर आणि कोपऱ्यांवर जास्त जातो, त्यामुळे तिथे टिन जास्त बसतं, मधे आणि भोकात कमी, आणि त्या माणसाने मोजलं होतं कडेला. तेव्हापासून पीओमध्ये (खरेदी ऑर्डरमध्ये) नुसतं ‘१२ मायक्रॉन’ लिहीत नाही, ‘जॉइंटच्या ओव्हरलॅपच्या मध्यभागी कमीत कमी १२’ असं लिहितो. आणि ड्रिलिंग, पंचिंग, बेंडिंग सगळं प्लेटिंगच्या आधी उरकायचं, नंतर मारलेल्या भोकात उघडं कॉपर राहतं.

अजून एक, साइटवरच्या पोरांना आधीच सांगून ठेवा की जोडताना एमरी पेपर मारायचा नाही. उघडं कॉपर घासून घ्यायची सवय असते, हात आपोआप जातो, आणि दोन मिनिटांत १२ मायक्रॉन साफ. सॉल्व्हंटच्या कपड्याने पुसा, टॉर्क रेंचने आवळा, मार्किंग करा आणि चार्ज करायच्या (सप्लाय द्यायच्या) आधी प्रत्येक जॉइंटचं मायक्रोओहम रीडिंग लिहून ठेवा, पहिल्या पावसाळ्यानंतर शटडाऊन मिळाला की त्याच जॉइंटांचं परत घ्या. एखादं रीडिंग बाकीच्यांपेक्षा वर गेलेलं दिसलं तर तो जॉइंट उघडून बघा.