श्वास, वायुकोश आणि रक्त: तुमचे प्रश्न

प्रश्न: ऑक्सिजन फुफ्फुसातून रक्तात नेमका ढकलतं कोण?

कोणीच ढकलत नाही, आणि मला यातलं सगळ्यात भारी तेच वाटतं. फुफ्फुसात 30 ते 50 कोटी वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्याशा पिशव्या, असतात, प्रत्येकाला बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि हवा नि रक्त यांच्यामधला पडदा जेमतेम अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वायुकोशात ऑक्सिजनचा दाब साधारण 100 मिलिमीटर पारा, शरीरभर फिरून आलेल्या रक्तात 40, म्हणून तो आपोआप रक्ताकडे सरकतो आणि लाल पेशीतलं हिमोग्लोबिन त्याला धरून ठेवतं. कार्बन डायऑक्साइडचं उलटं, रक्तात 45 आणि वायुकोशात 40, फरक फक्त पाचचा, पण तो ऑक्सिजनपेक्षा वीसेक पट सहज पार होतो त्यामुळे भागतं. लाल पेशी तिथे असते पाऊण सेकंद, त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच काम उरकतं. बाकीचा वेळ राखीव समजा.

प्रश्न: आपण सोडतो तो सगळा कार्बन डायऑक्साइड ना? मग तोंडाने श्वास देऊन माणूस वाचतो कसा?

सगळा नाही हो. आत घेतो त्यात 21 टक्के ऑक्सिजन, बाहेर सोडतो त्यात अजून 16 टक्के उरतो, तेवढा पुरतो.

प्रश्न: लेहला धाप लागली, तिथे ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं का?

प्रमाण तेच, 21 टक्के. पण 3500 मीटरवर हवेचा दाबच दोन तृतीयांश राहतो, मग रक्ताकडे सरकायला जोर कमी पडतो. पहिले दोन दिवस आराम कराच.

प्रश्न: आईने जन्मभर चुलीवर स्वयंपाक केला, बिडी कधीच नाही, तरी सीओपीडी सांगितलाय. ऑक्सिमीटरवर 95 येतं पण जिना चढला की दम लागतो. आजार खरा आहे का?

खरा आहे, सीओपीडी म्हणजे श्वासाची वाट कायमची अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार, आणि तिला 'वय झालंय' म्हणून गप्प बसवू नका प्लीज. वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिका अरुंद होतात, काहींच्या वायुकोशांच्या भिंतीही विरतात, म्हणजे देवाणघेवाणीची जागाच कमी. बसल्या जागी रक्त सावकाश जातं म्हणून तो राखीव वेळ सांभाळून घेतो, जिन्यावर रक्त धावतं, हवाही पूर्ण बाहेर पडत नाही, आणि दम लागतो. म्हणून बसून घेतलेल्या 95 वर विसंबू नका, स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजायची तपासणी) करा. विरलेल्या भिंती परत येत नाहीत पण उरलेल्या वाचवता येतात, तेव्हा चूल आजपासून बंद. आणि इनहेलरची सवय लागते ही भीती सोडा, डॉक्टरांनी दिलाय तर रोज द्या.