औशाजवळ रस्त्याकडेला गाजर गवतासारखं, पण पांढरी फुलं न येणारं तण दिसलं. हे रॅगवीड (अँब्रोशिया, परागानं ॲलर्जी करणारं परदेशी तण) असेल का? ओळखायचं कसं आणि नोंद कशी ठेवायची?

बहुतेक वेळा ते फुलायच्या आधीचं गाजर गवतच निघतं. तरी शंका घेतलीत ते बरं केलंत, कारण रॅगवीडची एक बहुवर्षायू जात, अँब्रोशिया सायलोस्टॅकिया, शेजारच्या कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात सापडलेली आहे.

पानांच्या कातरीवरून ठरवू नका, दोन्हींची पानं फाटलेलीच असतात. बुडाशी बघा. गाजर गवताची पहिली पानं जमिनीलगत गोल पसरतात, पुढे खोडावर एकाआड एक येतात. रॅगवीडला तसा पसारा नसतो. खालची पानं समोरासमोर जोडीनं, वरची एकाआड एक. फुलोऱ्यात तर शंकाच उरत नाही. शेंड्याला उभा तुरा, त्यावर खाली मान घातलेल्या हिरवट-पिवळ्या बारीक वाट्या, म्हणजे नर फुलं. मादी फुलं त्याखाली पानांच्या बेचक्यात. फळ 3-4 मिलिमीटरचं, मधे एक चोच आणि भोवती बारीक काटे. तुऱ्याला धक्का लागला की परागाची पिवळी धूळ उडते, दम्याचा त्रास असेल तर जवळ जाऊच नका, इतरांनीही मास्क लावावा.

गाजर गवत खाण्यासाठी सोडलेला मेक्सिकन भुंगा पानं खातोय म्हणून ते गाजर गवतच, असंही समजू नका. रॅगवीडवरही तो पोसतो.

एक झाड हलक्या हातानं उकरा. सोटमूळ सरळ खाली गेलं असेल तर वार्षिक जात. आडव्या मुळांवरून शेजारी कोंब फुटले असतील तर बहुवर्षायू, आणि तिथं रोटाव्हेटर अजिबात नको, मुळाच्या तुकड्यातुकड्यातून ते पुन्हा उगवतं.

फोटो पाच हवेत: पूर्ण झाड, खालचा पेर, पानाची मागची बाजू, तुरा, आणि पट्टी ठेवून फळ. मुळासकट एक नमुना वर्तमानपत्रात दाबा, पहिला आठवडा कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. चिठ्ठीवर तारीख, गाव, तालुका, जागा कशी आहे ते, आणि अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत. नमुना परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात दाखवा. नुसत्या फोटोवर जात पक्की होत नाही.

मग रस्त्याच्या दोन्ही दिशांना आणि नाल्याच्या उताराकडे शोधा. आडत बाजारातली झाडलोट टाकतात ती जागा, रेल्वेचा मालधक्का, बाहेरून आणलेल्या मुरमाचे ढीग सोडू नका. जिथं शोधून सापडलं नाही तीही नोंद तारखेसह ठेवा. तण पसरतंय की आधीपासूनच होतं, हे पुढच्या वर्षी त्यावरूनच कळेल.

खात्री होईपर्यंत फळं धरायला लागली तर तुरे आणि फळांच्या फांद्या कापून जाड पिशवीत बांधा. उकिरड्यावर टाकू नका, बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं.