डॉक्टरनं काहीच दिलं नाही, तर गावचं काय द्यावं?

गेल्या महिन्यात परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांची तीन पत्रं आली आणि तिन्हींत तक्रार एकच. "इथले डॉक्टर औषधच देत नाहीत हो. लेकरू चार रात्री खोकतंय आणि ते म्हणतात, भरपूर पाजा, आराम करू द्या. तुम्ही आपले गावचे उपाय सांगा."

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात मी अनेक वर्षं आरोग्यसेविका होते, त्यामुळे ही अस्वस्थता मला ओळखीची आहे. आपल्याकडे दवाखान्यातून रिकाम्या हातानं परतलं की डॉक्टरनं नीट पाहिलंच नाही असं वाटतं. पण तिकडच्या डॉक्टरवर रागावू नका. सहा वर्षांखालच्या मुलांना दुकानात मिळणारी सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, असं कॅनडाचं आरोग्य खातं 2008 पासून सांगतं. त्यांचा उपयोग थोडा आणि धोका जास्त. इकडून कुणाच्या बॅगेत खोकल्याचं सिरप मागवायचा विचार असेल तर तोही सोडा. 2025 मध्ये आमच्या शेजारच्या छिंदवाड्यात विषारी कफ सिरपनं लहान लेकरांच्या किडन्या निकामी झाल्या. त्यांतली कित्येक नागपूरला आणली होती, आणि बरीच वाचली नाहीत. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. त्या दिवसांत गावातल्या प्रत्येक आईला मी घरातल्या बाटल्या काढून दाखवायला लावल्या होत्या.

म्हणजे घरचे उपाय उरतात. ते मला प्रिय आहेत, पण माझी एक अट आहे. आधी लेकराचं वय सांगा, मग उपाय विचारा.

माझ्या मुलीचा कॅलगरीहून फोन आला तेव्हा आमच्याकडे सकाळ होती, तिच्याकडे रात्र. बाळ सात महिन्यांचं. "आई, अडुळशाच्या रसात मध किती घालू?" तिच्या आजीनं तिला लहानपणी हेच चाटण दिलेलं, तिला त्याची चवसुद्धा आठवत होती. मी म्हटलं, मधाची बाटली आधी कपाटात ठेव. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मधाचं बोटही लावायचं नाही. मधात कधीकधी बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या पोटात ते निरुपद्रवी ठरतात, तान्ह्याच्या आतड्यात मात्र वाढून विष तयार करतात. आधी शौचाला घट्ट होतं, मग रडणं क्षीण होतं, अंगावर ओढायची ताकद जाते. मध घरी उकळला तरी बीजाणू मरत नाहीत. जन्मल्यावर मध चाटवायची आपली रीत मलाही माहीत आहे, माझ्याही लेकींना चाटवला होता. आता चाटवू देणार नाही.

मग तिला म्हटलं, झबलं वर कर आणि घड्याळ लाव. पूर्ण एक मिनिट श्वास मोज. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना पोट वर येऊन खाली गेलं की एक. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसायचंही नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं. तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सियस ताप आला तरीही तसंच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना हे मोजायला शिकवलं, ज्यांच्यातल्या कितीतरी जणींना अंकही वाचता येत नव्हते. त्यामुळे बाळांचे मृत्यू घटले आणि ते काम जगभर पोचलं. विदर्भातून परदेशी न्यायला याहून मोलाचा घरगुती उपाय माझ्याकडे नाही. मुलीनं मोजले, चव्वेचाळीस भरले. पुन्हा मोजले, बेचाळीस. मग नाकात सलाइनचे थेंब, थोड्या थोड्या वेळानं अंगावर पाजणं, एवढ्यावर रात्र निघाली.

एक वर्ष झाल्यावर मात्र मध खुशाल द्या. झोपायच्या आधी अर्धा ते एक चमचा, नुसता किंवा कोमट पाण्यात. ब्रिटनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा साध्या खोकल्याला हेच सुचवतात, तेव्हा आजीचं नाव न घेताही तिकडच्या डॉक्टरला हे पटेल. चूळ भरता येणाऱ्या मुलांना आणि मोठ्यांना मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. वाफ लहान मुलांना देऊच नका. उकळत्या पाण्याचं भांडं कलंडून भाजलेली लेकरं मी पाहिली आहेत.

अडुळसा खरा गुणकारी आहे, त्यातल्या व्हॅसिसिन या घटकावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफाचं औषध तयार झालं. पण गरोदर बाईनं तो घेऊ नये, गर्भाशयावर परिणाम होतो. ज्येष्ठमध चघळायला गोड, घशाला बरा, मात्र रोज घेतला तर रक्तदाब चढतो. सासऱ्यांना बीपीची गोळी चालू असेल तर त्यांच्या चहात टाकू नका.

आता ज्या गोष्टी टाकून द्यायला मन होत नाही त्या. बाळगुटीतलं वेखंड सोडा. अमेरिकेनं 1968 मध्येच खाण्याच्या पदार्थांत त्याला बंदी घातली, प्रयोगात प्राण्यांना कर्करोग झाला म्हणून. झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून देणं म्हणजे बाळाला गुंगी देणं. कापराची पुरचुंडी पाळण्याला बांधू नका. कापूर पोटात गेला तर झटके येतात, आणि बाळाच्या हाताला जे लागतं ते तोंडातच जातं. काजळात शिसं असू शकतं. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्याला तापलेल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डम्मा म्हणतात. तेही घरचाच उपाय म्हणून पिढ्यान् पिढ्या चालत आलं. जुनं आहे एवढ्यावरून काही बाळाच्या अंगाला लावायचं नाही.

मोठ्यांच्या पोटात गॅस धरला तर चिमूटभर ओवा आणि सैंधव. दातदुखीला लवंग, दंतवैद्याची वेळ मिळेपर्यंत. घट्ट शौचाला जवसाची चटणी रोजच्या जेवणात, आणि वर पाणी भरपूर.

मे महिन्यात लेकरांना घेऊन गावी येणार असाल तर जुलाब आणि ऊन या दोन्हींची तयारी ठेवा. ओआरएसची पाकिटं नसली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. अंदाजानं टाकू नका, मीठ वाढलं तर अपाय होतो. हेच पाणी, घोट घोट, उलटी झाली तरी दहा मिनिटांनी पुन्हा. शौचात रक्त, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेले, तर दवाखाना. नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो. आमच्या म्हाताऱ्या म्हणतात, "कैरीचं पन्हं पिल्याबिगर लेकराले भाईर काढू नोका." खरंच काढू नका, आणि दुपारी बारा ते चार पन्हं पिऊनही नाही. पण माणूस बरळायला लागला, अंग चटका बसेल असं तापलं, तर पन्ह्याची वेळ गेली. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी मारून वारा घाला आणि गाडी बोलवा. शुद्ध नसताना तोंडात काहीही ओतू नका.

परतताना पिशवीत काय भरावं हे बऱ्याच जणी विचारतात. दुबई आणि सिंगापूरला जाणाऱ्यांनी खसखस चुकूनही नेऊ नये, तिथे ती बाळगणं गुन्हा आहे. मुलीच्या पिशवीत यंदा मी ओवा, सुंठ आणि वायगावची हळद घातली. हळद पुडीची नाही, अख्खी हळकुंडं, कारण पुडीत रंगासाठी शिशाची भेसळ होते. दळून ती घेईल. वेखंडाचा जुना तुकडा सहाणेजवळ होता, तो मी परसात पुरला.