१२ डाउनलाइट घेण्याआधी ओट्याकडे बघा

नव्या फ्लॅटमध्ये दिवे कुठे आणि किती घ्यायचे हा तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण वायरिंगसाठी भिंतींना अजून झिरी मारलेली नाही म्हणताय. म्हणजे अजून सगळं हातात आहे. हॉल १० बाय १५ फूट, फॉल्स सीलिंगमध्ये १२ वॅटचे १२ डाउनलाइट (छतात बसणारे, खाली उजेड टाकणारे दिवे), सगळे पांढरे, स्वयंपाकघरात मात्र छताला मधोमध एकच लाइट, आणि घरात ७२ वर्षांच्या आई. गेली बावीस वर्षं मी पुण्यात घरांचं वायरिंग करतोय आणि हाच आराखडा पुन्हा पुन्हा बघतोय. जिथे बसून गप्पा मारायच्या तिथे लख्ख उजेड, जिथे सुरी चालते तिथे सावली.

आधी हॉलचा हिशेब करू. लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, आणि लक्स म्हणजे त्यातला एका चौरस मीटरवर पडणारा. बरा एलईडी एका वॅटला ९० ते १०० लुमेन देतो, म्हणजे तुमचे १४४ वॅट १३ हजार लुमेनच्या घरात गेले. हॉल १४ चौरस मीटर. निम्मा उजेड भिंती-छतात जिरला असं धरलं तरी साडेचारशे लक्सच्या वर उरतो. हा ऑफिसातल्या टेबलावरचा उजेड झाला. घरात बसाय-बोलायला दीडशे पुरतो, त्यामुळे ७ वॅटचे सहा बास. तेही मधे नकोत, भिंतींपासून दीड-दोन फुटांवर घ्या. उजेड भिंतीवरून खाली उतरला की खोली मोठी वाटते आणि डोळ्यावर येत नाही. तीन-तीन वेगळ्या बटणांवर ठेवा. आई वाचतात त्या खुर्चीच्या मागे एक वेगळा पॉइंट काढा, हातभर उंच दिवा ठेवता येईल असा.

पंखा विसरू नका. पात्यांच्या वर, जवळपास डाउनलाइट आला की पंखा फिरताना सावल्या लपलप करत राहतात. डोकं धरतं. ४८ इंची पंख्याच्या मधापासून दिवा निदान चार फूट लांब हवा. फॉल्स सीलिंग झाल्यावर हे कळलं की भोकं बुजवत बसावं लागतं.

आता ओटा, ज्यासाठी खरं तर हे लिहितोय. दिवा छताच्या मधोमध आणि ओटा भिंतीला, म्हणजे काम करणाऱ्याच्या पाठीमागून उजेड. स्वतःचीच सावली विळीवर पडते. मागे एका घरी काम चालू असताना आजी तांदूळ निवडत होत्या. ताट ओट्यावर होतं, पण दर मिनिटाला त्या ते उचलून खिडकीशी न्यायच्या, खडा काढायच्या आणि परत यायच्या. वायरला जोडलेली दोन फुटी पट्टी मी वरच्या कपाटाखाली नुसती धरली. आजींनी ताट खाली ठेवलं ते पुन्हा उचललं नाही. त्या घरात ट्यूब २० वॅटची होती. उजेड कमी नव्हता, तो चुकीच्या बाजूने येत होता.

वयाचाही भाग आहे. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं, आणि साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून ‘मला तर दिसतंय की’ हा निकष आईंना लावू नका. पण छतातला दिवा मोठा करून हे सुटत नाही. थेट डोळ्यात येणारा झोत वयस्कर माणसाला आपल्यापेक्षा जास्त त्रास देतो.

तेव्हा वरच्या कपाटाच्या खाली, पुढच्या कडेला, अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीत एलईडी पट्टी घ्या. मीटरला १० वॅट पुरे. पन्हळीवर दुधी झाकण हवंच, नाहीतर काळ्या ग्रॅनाइटमध्ये एकेक ठिपका चमकतो. पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला लागेल तशी वीज देणारी डबी, हात पोचेल असा कपाटात ठेवा, कारण एलईडीच्या आधी बहुतेक वेळा तोच जातो. गॅसच्या अगदी वर पट्टी नको, तिथे चिमणीचा दिवा असतोच.

रंगाचं सांगतो. खोक्यावर ६५०० के लिहिलेला निळसर पांढरा दिवा दुकानात सगळ्यात आधी हातात मिळतो. के म्हणजे केल्विन, आकडा जितका लहान तितका उजेड पिवळसर. झोपायच्या खोल्या, हॉल आणि देवघराला ३००० के घ्या. ओटा आणि अभ्यासाच्या टेबलाला ४०००. टेबलावरचा दिवा सोडला तर एका खोलीत दोन रंग मिसळू नका, घर ठिगळ लावल्यासारखं दिसतं. सीआरआय हा आकडाही बघा, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते तो शंभरपैकी सांगतो. ओटा, आरसा, कपड्यांचं कपाट इथे ९० च्या वर घ्या. कमी असला की लाल रंग मरतो, टोमॅटो मातकट दिसतो आणि साडी-ब्लाउजचा मेळ उन्हात गेल्यावर फसतो. घेण्याआधी दिवा दुकानात लावून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बघा. ठळक पट्टे धावले तर दिवा डोळ्याला न कळता लुकलुकतोय, तो घेऊ नका.

आईंच्या पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर जमिनीपासून फूटभर उंचीला एक वॅटचा पिवळा दिवा बसवा, त्याला टू-वे बटण द्या: एक उशाशी, एक दाराशी. तो आणि ओट्याची पट्टी इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. बाथरूममध्ये आरशाच्या दोन्ही बाजूंनी उजेड असला की चेहऱ्यावर सावली पडत नाही, बाकी तिथे फार विचार नको.

या रविवारी रिकाम्या फ्लॅटमध्ये खडू घेऊन जा. सोफा, पलंग, खुर्ची जमिनीवर खऱ्या मापात आखा. अंधार पडल्यावर लांब वायरला होल्डर लावून बल्ब जागोजागी धरून बघा, आणि आईंना सोबत न्या. मग भिंतीवर फुल्या मारा. झिऱ्या मारून पाइप टाकले की प्लास्टर व्हायच्या आत प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढून ठेवा. ओट्याची लांबी आणि खिडकी कुठल्या बाजूला आहे तेवढं कळवा, पट्टीचं आणि ड्रायव्हरचं माप काढून देतो.