एआयबीईला पहिल्यांदा बसताना : वाचकांचे प्रश्न

वकिली करण्यासाठी पास व्हावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा, म्हणजे एआयबीई, पहिल्यांदा देणाऱ्यांची बरीच पत्रे आमच्याकडे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. आधी परीक्षेची चौकट. 100 वस्तुनिष्ठ प्रश्न, प्रत्येकी एक गुण, वेळ साडेतीन तास, उत्तरे ओएमआर शीटवर, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. पास होण्यासाठी खुल्या आणि ओबीसी उमेदवारांना 45 टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना 40 टक्के लागतात. टीपा नसलेले बेअर अ‍ॅक्ट (फक्त कायद्याचा मूळ मजकूर असलेली पुस्तके) सोबत नेता येतात.

प्रश्न : एलएलबी होऊन प्रोव्हिजनल सनद (वकिलीचा तात्पुरता परवाना) मिळाली आहे. दिवसभर सिनियरांबरोबर कोर्टात असते, अभ्यासाला रात्री दीड-दोन तासच मिळतात. विषय 19. सुरुवात कुठून करू? (लातूर)

विषय 19 असले तरी ते सारख्या वजनाचे नाहीत. राज्यघटना, सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) आणि फौजदारी प्रक्रिया (आता बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) यांवर प्रत्येकी 10 प्रश्न येतात. बीएनएस (भारतीय न्याय संहिता, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांचा कायदा), साक्षीपुराव्याचा कायदा म्हणजे बीएसए, कौटुंबिक कायदे, आणि कॉन्ट्रॅक्ट, स्पेसिफिक रिलीफ, ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी व निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स यांचा एकत्र गट, या चौघांवर प्रत्येकी आठ. हे सात विषय मिळून 62 गुण होतात. त्यांत 40 पर्यंत पोहोचलात तर उरलेल्या बारा विषयांतल्या 38 गुणांतून पाच-सहाच काढायचे राहतात. उलट कंपनी कायदा, पर्यावरण, सायबर, भूसंपादन आणि बौद्धिक संपदा यांना प्रत्येकी दोनच प्रश्न आहेत. कंपनी कायद्याची 470 कलमे दोन गुणांसाठी वाचत बसणे तुमच्या दीड तासाला परवडणारे नाही. त्याच वेळात वकिली व्यवसायाची नीतिमूल्ये (चार गुण) आणि टॉर्ट (दिवाणी अपकृत्ये), मोटार वाहन व ग्राहक संरक्षण (पाच गुण) उरकतील.

कोर्टात जाणारा दिवस फुकट जातो असे समजू नका. सिनियरांनी आज अटकपूर्व जामिनाचा अर्ज लावला असेल तर रात्री बीएनएसएसचे कलम 482 काढा, मग शेजारची 480 आणि 483 वाचा. तात्पुरत्या मनाईवर युक्तिवाद झाला असेल तर सीपीसीची ऑर्डर 39 वाचा. चेकच्या केसची तारीख असेल तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 ची मुदतींची साखळी पाहा : बँकेकडून चेक न वटल्याचे कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस, ते उलटल्यावर एक महिन्यात तक्रार. परीक्षेत नेमके हेच आकडे विचारतात, आणि प्रत्यक्ष केसमध्ये पाहिलेला आकडा विसरत नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका जरूर सोडवा. मात्र नवे फौजदारी कायदे जुलै 2024 मध्ये आले, त्यापूर्वीच्या पेपरांत फौजदारी कलमांचे क्रमांक जुने असतात. प्रत्येक क्रमांकापुढे नवा क्रमांक लिहूनच पुढे जा.

प्रश्न : बेअर अ‍ॅक्ट समोर असणारच, मग पाठ कशासाठी करायचे? कॉलेजातले मित्र म्हणतात की सगळे तिथेच शोधता येते. (नाशिक)

पहिल्या प्रयत्नात नापास होणाऱ्यांपैकी कितीतरी जण याच भरवशावर बसतात. 210 मिनिटांत 100 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटे सहा सेकंद. प्रश्न वाचणे आणि गोल भरणे यातच एक मिनिट जाते. उरलेल्या मिनिटात कलम सापडायचे असेल तर ते साधारण कुठे आहे हे आधीच माहीत हवे.

एक नमुना पाहू. समजा प्रश्न असा आहे : पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी, आरोपीला पूर्वी शिक्षा झालेली नाही आणि त्याने वस्तू परत केली, हा गुन्हा जामीनपात्र आहे का? पुष्कळ उमेदवार बीएनएस उघडून कलम 303 काढतात. तिथे व्याख्या आणि शिक्षा मिळते, जामिनाचा उल्लेख मिळत नाही. मग पाने उलटत चार मिनिटे जातात. उत्तर आहे बीएनएसएसच्या पहिल्या अनुसूचीत, पुस्तकाच्या मागच्या भागात. तिथल्या तक्त्यात सहा रकाने असतात : कलम, गुन्हा, शिक्षा, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि कोणत्या कोर्टात चालणार. 303(2) समोर चोरीच्या दोन नोंदी दिसतील. नेहमीची चोरी दखलपात्र आणि अजामीनपात्र. पाच हजारांखालची, वर सांगितलेल्या अटींत बसणारी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र, शिक्षा समाजसेवेची. वरचीच नोंद पाहून थांबलात तर पुस्तक समोर असूनही उत्तर चुकेल. ही अनुसूची चांगली सरावाची झाली की फौजदारीचे काही गुण जवळजवळ हातात येतात.

सीपीसीत अडचण वेगळी आहे. तिथे 158 कलमे आणि त्यांच्यामागे 51 ऑर्डर (नियमांचे गट). कोर्टाचा अधिकार, रेस ज्युडिकाटा, म्हणजे एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा न चालवणे (कलम 11), सरकारला नोटीस (80), पहिले अपील (96), दुसरे अपील (100) या गोष्टी कलमांत आहेत. वादपत्र फेटाळणे (ऑर्डर 7 नियम 11), लेखी कैफियत (ऑर्डर 8 नियम 1), एकतर्फी हुकूमनामा रद्द करणे (ऑर्डर 9 नियम 13), समरी दावा (ऑर्डर 37) या ऑर्डरमध्ये. प्रश्न कोणत्या भागातला आहे हे वाचताक्षणी ठरवता आले पाहिजे. रोज दहा प्रश्न घ्या आणि घड्याळ लावून फक्त कलम शोधा. सुरुवातीला तीन मिनिटे लागतील, महिनाभरात ती चाळीस सेकंदांवर यायला हवीत.

पाठांतर ठेवा ते पुस्तकात नसलेल्या गोष्टींसाठी. टॉर्टची तत्त्वे आणि प्रशासकीय कायद्याचा मोठा भाग एखाद्या कायद्यात बांधलेला नाही, आणि जनहित याचिका हा विषय निकालांवर उभा आहे. हुसैनारा खातून 1979 (कच्च्या कैद्यांना जलद न्याय), एस. पी. गुप्ता 1981 (याचिका कोण करू शकतो), विशाखा 1997 (कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ), एम. सी. मेहता यांची ओलियम वायू गळतीची केस (निरपवाद दायित्व), असे निकाल एकेका ओळीत लिहून भिंतीवर लावा. नीतिमूल्यांसाठी अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टची कलमे 35, 37 आणि 38 लागतात : राज्य बार कौन्सिलची शिस्तभंग समिती, तिच्याविरुद्ध 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, तिथून पुन्हा 60 दिवसांत सुप्रीम कोर्ट. सोबत दोन निकाल ठेवा. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर (1975) हा मुंबईच्या फौजदारी कोर्टाबाहेर अशील ओढण्यावरून झालेला खटला. आर. डी. सक्सेना (2000) मध्ये फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत असे ठरले.

प्रश्न : मोठ्या भावाचा 2019 चा बेअर अ‍ॅक्टचा संच घरात आहे. नवे सगळे घ्यायलाच हवे का? (सांगली)

सगळे नाही. कॉन्ट्रॅक्ट, ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी, हिंदू विवाह आणि वारसा कायदा ही पुस्तके अभ्यासाला चालतील. बीएनएस, बीएनएसएस आणि बीएसए मात्र नवे घ्याच, कारण 1 जुलै 2024 पासून आयपीसी (जुनी दंडसंहिता), सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) आणि एव्हिडन्स अ‍ॅक्टची जागा त्यांनी घेतली आहे. जुन्या गुन्ह्यांच्या केसेस अजून जुन्या कायद्याने चालतात, म्हणून मुख्य कलमांचा एक तुलनात्मक कागद घरी ठेवा : खून 302 चा 103(1), फसवणूक 420 चे 318(4), एफआयआर 154 चे 173, पोटगी 125 चे 144, हायकोर्टाचे अंगभूत अधिकार 482 चे 528. इथे एक फसवी जागा आहे. 482 हा आकडा दोन्ही प्रक्रिया कायद्यांत आहे, पण सीआरपीसीत तो हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारांचा होता आणि बीएनएसएसमध्ये अटकपूर्व जामिनाचा आहे.

ग्राहक संरक्षण 2019 च्या कायद्याचे पाहिजे, 1986 चे नको. आर्बिट्रेशनमध्ये 2019 च्या आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या हव्यात. चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आणि आयकर अधिनियम 2025 हा 1 एप्रिल 2026 पासूनचा आहे, तेव्हा या विषयांची जुनी पुस्तके बाजूला ठेवा.

विकत घेताना प्रत्येक पुस्तक आतून चाळा. काही प्रकाशक कलमाखाली निकालांच्या टिपणी छापतात. असे पुस्तक केंद्रावर बाहेर ठेवायला लावतात, आणि ऐन वेळी दुसरे मिळत नाही. समासात पेन्सिलने लिहिलेले असेल तर तेही खोडा. रंगीत चिकटपट्ट्या लावू नका, पर्यवेक्षकाशी हुज्जत घालण्यात तुमचाच वेळ जातो. दोन-दोन गुणांच्या विषयांची जाडजूड पुस्तके न्यायची गरज नाही. बाकावर जागा कमी असते आणि पसाऱ्यात हवे ते पुस्तक खाली जाते.

प्रश्न : गोव्यात आम्ही कोर्टात पोर्तुगीज नागरी संहिता पाहतो. परीक्षेतल्या कौटुंबिक कायद्याचे काय? (मडगाव)

पेपर देशभर एकच असतो, त्यामुळे आठ गुणांसाठी हिंदू विवाह कायदा, हिंदू वारसा कायदा, मुस्लिम कायदा आणि स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट करावाच लागेल. रोजच्या कामात हे कायदे तुमच्यासमोर फारसे येत नाहीत, म्हणून इतरांपेक्षा आठवडाभर जास्त द्या. हिंदू विवाह कायद्याची कलमे 5, 9, 13, 13-बी, 24 आणि 25, तसेच वारसा कायद्याची 6, 8 आणि 15 यांपासून सुरू करा.

प्रश्न : ओएमआर शीट कधीच भरलेली नाही. काय चुकू शकते? (अकोला)

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे प्रश्नपत्रिकेचा संच, ए, बी, सी किंवा डी, शीटवर न भरणे. उत्तरतालिका संचानुसार बदलते. संच कळला नाही तर शीट तपासता येत नाही. त्यामुळे पेपर हातात आल्यावर पहिले काम संच आणि रोल नंबर. आकडा चौकटीत लिहायचा आणि त्याखालचा गोलही भरायचा. कितीतरी जण फक्त लिहितात.

दुसरी चूक म्हणजे एक प्रश्न सोडून पुढे जाताना गोलांची ओळ सरकणे. सोडलेल्या प्रश्नाला प्रश्नपत्रिकेवर खूण करा आणि दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळवून पाहा. सगळी उत्तरे शेवटी एकदम उतरवायची असे ठरवू नका, हमखास वेळ कमी पडतो.

वेळेची वाटणी अशी करा : पहिला दीड तास पुस्तक न उघडता, पक्के येणारे तेवढेच. पुढचा दीड तास पुस्तक घेऊन. शेवटच्या अर्ध्या तासात राहिलेले अंदाजाने भरा, एकही गोल रिकामा ठेवू नका. यापूर्वी काही प्रश्न रद्द करून टक्केवारी उरलेल्या प्रश्नांवर काढली गेली आहे. त्यामुळे 45 वर थांबायचा हिशेब करू नका, तयारी 60 ची ठेवा.

प्रश्न : पास होईपर्यंत स्वतःच्या नावाने वकीलपत्र देता येते का? नापास झाले तर? (ठाणे)

प्रोव्हिजनल सनद असताना दोन वर्षे वकिली करता येते, त्या मुदतीत परीक्षा पास व्हावी लागते. पास झाल्यावर बार कौन्सिल ऑफ इंडियाचे सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस मिळते. प्रयत्नांना मर्यादा नाही, पण फी दरवेळी नव्याने भरावी लागते. अलीकडे ती खुल्या गटाला 3500 आणि अनुसूचित जाती-जमातींना 2500 रुपये आहे. परीक्षा सक्तीची असण्याला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 10 फेब्रुवारी 2023 रोजी मान्यता दिली, त्यामुळे ती टळेल या आशेवर पहिली संधी सोडू नका. शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांनाही आता बसू देतात. जमत असेल तर तेव्हाच बसा, दोन वर्षांचे घड्याळ सुरू होण्याआधीच काम होईल.

ज्यांनी अजून सनदेसाठी अर्ज केला नाही त्यांच्यासाठी : 30 जुलै 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार नावनोंदणीची वैधानिक फी खुल्या गटाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये आहे.

प्रश्न : शिक्षण मराठी माध्यमातून झाले. पेपर मराठीत घ्यावा का? (परभणी)

ज्या भाषेतले बेअर अ‍ॅक्ट तुम्ही वर्षभर वाचलेत, त्याच भाषेत पेपर घ्या. पेपर मराठीत आणि पुस्तक इंग्रजीत असे असेल तर प्रत्येक शोधात अर्धे मिनिट जास्त जाते. मराठी आवृत्ती घेताना छपाईचे वर्ष आणि शेवटची दुरुस्ती कोणती घेतली आहे ते मुखपृष्ठाच्या मागे पाहून घ्या.