वेल्डिंगच्या वर्गासाठी फंड कुठून मिळेल?

तुमचा ट्रस्ट कुर्ल्यात पोरांसाठी वेल्डिंगचा वर्ग काढतोय आणि पैसे कुठून आणायचे असं विचारलंय, तर सगळ्यात आधी सीएसआर, म्हणजे कंपन्या समाजकामाला देतात तो पैसा बघा. २०१३ च्या कंपनी कायद्यात ज्या कंपन्यांचा नफा वर्षाला ५ कोटींच्या वर आहे त्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात आणि रोजगाराचं ट्रेनिंग त्यात बसतं. पण ट्रस्टचं आयकर खात्याकडचं १२ए आणि ८०जी आणि कंपनी मंत्रालयाकडचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन हवं, शिवाय तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, नाहीतर दारातूनच परत पाठवतात.

आता महत्त्वाचं. बजेट करताना नुसत्या मशिनी मागू नका हो! मशीन एकदाच येते, रॉड, प्लेटा, आर्गॉन गॅसचा सिलेंडर आणि लाईटबिल दर महिन्याला लागतं, मी असा वर्ग बघितलाय जिथे चकचकीत मशिनी होत्या आणि रॉड संपले म्हणून पोरं नुसती बसून, फार वाईट वाटलं. पोराचा हात रॉड जाळूनच बसतो. हेल्मेट, हातमोजे, एप्रन प्रत्येकाला वेगळं धरा.

आणि आठवी पास पोरांना आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड आहे, माझगाव डॉक या जहाजं बांधणाऱ्या कंपनीची अप्रेंटिसशिप आहे, तेही सांगत जा त्यांना.