जलरंगात गळाची बारीक दोरी पांढरी कशी दाखवावी?

तुमचा प्रश्न असा, की रानातल्या नदीवर मासे गरवणाऱ्या माणसाचं चित्र जमलंय, पण मागच्या गर्द झाडीवर पांढऱ्या पोस्टर कलरने दोरी काढली की ती खडूने ओढल्यासारखी दिसते.

दोरी काढूच नका. खरवडा.

अमेरिकी चित्रकार विन्स्लो होमर (१८३६–१९१०) हेच करायचा. त्याला स्वतःला मासे गरवायचा भारी नाद. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला ॲडिरॉन्डॅकचं जंगल आहे, तिथल्या नॉर्थ वूड्स क्लबचा तो सभासद होता आणि तिथल्या पाण्यावर त्याने गळ टाकणाऱ्यांची कितीतरी जलरंगचित्रं केली. झाडी, पाणी, सावल्या रंगवून वाळल्या की चाकूच्या टोकाने एक वळसा. रंग निघतो, खालचा कागद उघडा पडतो. हवेत चमकते ती दोरी म्हणजे नुसता कागद! १८९४ चं ‘कास्टिंग, नंबर टू’ मोठं करून बघा.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा घाई नडली. कागद हाताला कोरडा लागला, पण आतून दमट होता. ब्लेड फिरवलं तर पांढरी सोडाच, आजूबाजूच्या हिरव्याहून काळपट रेघ उमटली. दमट कागदाला चरा पडला की रंग त्यातच जाऊन बसतो. तेव्हा रात्रभर वाळू द्या. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) हवा, पातळ असला तर ब्लेड आरपार जाईल. आधी कडेच्या तुकड्यावर हात बसवा, कारण रेघ एका दमात यायला हवी. थांबत थांबत ओढलेली लगेच कळते. मास्किंग फ्लुइडही (रंगवण्याआधी लावून नंतर सोलून काढायचा रबरी द्राव) चालतं, पण त्याची रेघ मला बोथट वाटते.

आणखी एक. होमरच्या चित्रातली दोरी हवेत नागमोडी जाते, कारण फ्लाय-फिशिंगमध्ये वजन दोरीलाच असतं, टोकाची नकली माशी अगदी हलकी. तुमचा माणूस बांबूची काठी आणि गांडूळ घेऊन बसला असेल तर त्याचा तंगूस सरळ खाली लोंबेल. तिथे वळसा दाखवलात तर गरवणारा माणूस हसेल.

आत्ताच्या चित्रावरचा पोस्टर कलर ओल्या ब्रशने हळूच उचला. खालचा हिरवा थोडा उठेल, तो परत भरा. ब्लेड दुसऱ्या दिवशी.